बसून दीड, निजून पाऊण

मी एक जुना डबा आहे, मित्रांनो, आणि डबा म्हटल्याबरोबर नाक मुरडू नका. माझ्यात कुणी कधी लाडू ठेवले नाहीत, की रॉकेल आणलं नाही. एकोणीसशे ब्याऐंशी सालच्या आंब्याच्या मोसमात माझ्यात तीन लिटर हापूसचा रस भरायचा होता. पण झाकण बसवताना माझी कड वाकली. कारखान्यातल्या माणसाने मला उचललं, "भंगार!" म्हणाला आणि कोपऱ्यात भिरकावलं. बस, एवढाच माझा आणि आंब्याचा संबंध. तो शब्द मात्र मला लागला. मी मनाशी म्हटलं, रस नाही तर नाही, पण मी रिकामा राहणार नाही. मी पहिल्यापासून असाच हट्टी आहे.

पुढे माझ्यात काय भरलं ते ऐकाल तर चाट पडाल. माझ्यात माणसांचे श्वास भरले. बायकांचे, पुरुषांचे, म्हाताऱ्यांचे, नुकत्याच दुखण्यातून उठलेल्यांचे. आणि मी त्यांतला एकेक श्वास मोजला.

हे कसं घडलं ते सांगतो. रत्नागिरीजवळ मिरजोळ्याला औद्योगिक वसाहत आहे. तिथे महिपत नावाचा एक पत्र्याचा कारागीर होता. वाकडेतिकडे डबे आणून तो त्यांची मापं, नरसाळी, पन्हळी बनवायचा. मीही त्याच्या ढिगात जाऊन पडलो होतो. एक दिवस सायकलवरून एक बाई आल्या. वय तिशीचं, साडी चापूनचोपून नेसलेली, कपाळावर घाम. त्या शहरातल्या एका वीस खाटांच्या दवाखान्यात डॉक्टर होत्या. नाव सुनेत्राबाई.

"महिपतराव," त्या म्हणाल्या, "मला एक डबा असा हवाय, की तो पाण्यात उपडा बुडेल आणि नळीतून आत फुंकर घातली की वर उचलला जाईल. हवा मात्र कणभरही गळता कामा नये."

महिपतने हातातली कातर खाली ठेवली. "बाई, लोक डबा भरायला आनतात. उपडा घालायला आननाऱ्या तुमीच पयल्या."

"जमेल का ते सांगा."

"न जमायला काय झाला? पन करायचा काय त्याचा?"

"श्वास मोजायचा."

महिपतने त्यांच्याकडे पाहिलं, मग ढिगाकडे पाहिलं आणि नेमका मला उचलला. माझी वाकलेली कड त्याने ठोकून सरळ केली आणि सांध्यांना कथिल वितळवून नव्याने डाख दिला. मला उपडा घालायला एक मोठं पाण्याचं पिंप केलं. त्याच्या तळातून एक नळी आत घेतली आणि पाण्याच्या वर येईल इतकी उंच केली. माझ्या बुडाला दोरी बांधली, ती लाकडी रिळावरून पलीकडे सोडली आणि तिच्या टोकाला मच्छीमार जाळ्याला लावतात तसली शिशाची गोळी अडकवली, म्हणजे वर यायला मला जड जाऊ नये. शेजारी एक पट्टी उभी केली आणि तिच्यावरून सरकेल असा काटा माझ्या अंगाला डकवला. सुनेत्राबाईंनी शंभर-शंभर मिलीलिटर पाणी मोजून तिच्यावर खुणा केल्या. नळीच्या बाहेरच्या टोकाला बांबूची कांडी लावायची, प्रत्येक माणसाला वेगळी, उकळून घेतलेली. छाती भरून श्वास घ्यायचा, कांडी ओठांत धरायची आणि आतली सगळी हवा सोडायची. ती माझ्या पोटात येई आणि मी तितका वर जाई. काटा जिथे थांबेल तो त्या माणसाचा श्वास. एवढं सोपं.

असलं यंत्र मुंबईच्या मोठ्या इस्पितळांत असतं म्हणे, चकचकीत. आमच्याकडे मी होतो.

आता सुनेत्राबाईंना ही उठाठेव कशाला हवी होती? तर एका प्रश्नाने त्यांचा पिच्छा पुरवला होता. मोठ्या दुखण्यातून माणसं बरी होऊन घरी जात. कुणी घटसर्पातून, कुणी धनुर्वातातून, कुणी महिनाभराच्या तापातून. सगळे आनंदात निरोप घेत. आणि महिना-दोन महिन्यांनी त्यांतले काही जण परत येत. "दम लागतो," म्हणत. छातीला नळी लावावी तर आवाज साफ. फोटो काढावा तर फुप्फुसं स्वच्छ. दवाखान्याचे मोठे डॉक्टर म्हणायचे, "अशक्तपणा आहे. दूध, अंडी, विश्रांती." सुनेत्राबाईंना हे पटत नसे. एका जाड पुस्तकात त्यांना एवढाच मजकूर सापडला होता, की काही आजारांनंतर श्वासपटलाची नस दुबळी होते. रोग्याचा श्वास बसवून मोजा, मग निजवून मोजा आणि फरक बघा.

श्वासपटल म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक हवं, मित्रांनो. छाती आणि पोट यांच्यामध्ये स्नायूचा एक पातळ पडदा असतो. श्वास घेताना तो खाली सरकतो, पोट पुढे येतं आणि छातीत हवा भरते. तुम्ही झोपता तेव्हाही तो बिनबोभाट काम करत असतो. हा पडदा लुळा पडला, तरी बसलेल्या माणसाचं कसंबसं भागतं, कारण पोटातला ऐवज आपल्या वजनाने खाली राहतो. पण तोच माणूस आडवा झाला की आतडी वर सरकतात, पडद्याला रेटतात आणि लुळ्या पडद्याला त्यांना मागे लोटता येत नाही. मग आडवं होणं म्हणजे गुदमरणं.

म्हणून सुनेत्राबाईंनी एक वही घातली. तीत दोन रकाने आखले, 'बसून' आणि 'निजून'. आणि आमचं काम सुरू झालं.

पहिलं वर्ष माझं मोठं कौतुकात गेलं. लोकांना मी म्हणजे जत्रेतला खेळ वाटायचो. गाल फुगवून, डोळे वटारून फुंकायचे आणि मी वर गेलो की टाळ्या पिटायचे. पण खोटं बोलणं माझ्या पत्र्यातच नाही. ज्याचा श्वास जेवढा, तेवढाच मी उठायचो. कुणाच्या मिशीला भ्यालो नाही, की कुणाच्या रडण्याला भुललो नाही.

चौऱ्याऐंशी सालच्या वैशाखात राही आली. लांज्याकडच्या एका आतल्या गावची, कुणब्याची सून, पंचविशीची. नवरा मुंबईत कामाला. घरात सासू येसूबाई आणि चार वर्षांची लेक चिमा. फाल्गुनात राहीला घटसर्प झाला होता. तेव्हा ती आमच्याच दवाखान्यात, बाजूच्या वेगळ्या खोलीत होती. तिथे कुणाला सोडत नसत. औषध वेळेवर लागू पडलं, गळा मोकळा झाला, राही हसत घरी गेली. आणि दीड महिन्याने सासू तिला हाताला धरून घेऊन आली. तेही काळजीने नव्हे, रागाने.

"डॉक्टरीणबाई, हिला काय झालेला नाय," येसूबाई दारातूनच म्हणाली. "तुमीच बरी करून धाडलीत. आता खाली वाकली की धापा टाकते. कळशी उचलली की बसते. रात्रभर भिंतीला टेकून बसून ऱ्हाते, नाटक नुसता! मी सांगून ठेवतंय, लावनीला ही चिखलात उभी ऱ्हायली तर ऱ्हायली. नायतर हिला म्हायेरी सोडून येतंय. आनि चिमा माज्याकडं ऱ्हाईल."

राहीने पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं. मी पिंपातून बघत होतो. मला त्या बाईचा असा राग आला म्हणता!

मोठ्या डॉक्टरांनी राहीला बसवून पुढून तपासली, मागून तपासली आणि चार दिवस ठेवून घ्यायला सांगितलं. सुनेत्राबाईंनी तिला माझ्यासमोर स्टुलावर बसवलं. राहीने जीव एकवटून फुंकलं. दीड लिटर. कमीच, पण नुकत्याच आजारातून उठलेल्या किरकोळ बाईला अगदीच वावगं नाही.

"सरा, मना बगू दे," म्हणून येसूबाईने वेगळी कांडी घेतली आणि अशी काही फुंकर घातली, की मी सरसर अडीचच्या वर गेलो. जन्मभर चुलीपुढे फुंकणी धरलेली बाई ती! "बगितलात? म्हातारीनं वर नेलान. आनि ही ज्वान!" वॉर्डातल्या बायका हसल्या. राही मात्र खाली मान घालून बसली होती.

"राही, आता जरा आडवी हो बघू," सुनेत्राबाई म्हणाल्या.

राहीने एकदा सासूकडे पाहिलं. "नको. मना बसूनच बरा हाय."

सुनेत्राबाईंनी दोनदा सांगून पाहिलं आणि मग आग्रह सोडला. वहीत 'बसून'खाली दीड लिहिलं. 'निजून'चा रकाना कोरा राहिला.

चार दिवस येसूबाई सुनेच्या खाटेपाशी ठाण मांडून होती. राही खाटेच्या कडेवर ताठ बसून. नर्सबाई कौतुकाने म्हणायच्या, "किती वळणाची सून! सासूपुढे पाठसुद्धा टेकत नाही." त्याच नर्सबाई कागदावर लिहायच्या, 'झोप येत नाही.' आणि तो कागद बघून मोठे डॉक्टर रविवारी सकाळी म्हणाले, "दुखणं मनाचं आहे. उद्या दहा वाजता घरी सोडा. रोज झोपेची एक गोळी लिहून देतो."

ते ऐकून सुनेत्राबाईंचा चेहरा उतरला. ज्याचा पडदा लुळा आहे त्याला झोपेची गोळी दिली, तर उरलासुरला श्वासही मंद होतो आणि झोपेतच माणूस जाऊ शकतो. पण पडदा लुळा आहे हे दाखवणार कसं? त्यांच्याजवळ एकच आकडा होता, बसून दीड. हातात उरला होता एक दिवस. राहीचा संसार, राहीची लेक आणि खुद्द राहीचा जीव, सगळं त्या एका कोऱ्या रकान्यावर येऊन ठेपलं होतं.

त्या दुपारी त्या माझ्याशेजारी स्टुलावर वही घेऊन बसल्या. पहिल्या पानापासून चाळायला लागल्या. पुरुषांचे दोन्ही रकाने भरलेले. म्हाताऱ्या बायकांचे भरलेले. माहेरी आलेल्या लेकींचे भरलेले. आणि मधूनमधून एकेक जागा कोरी. त्यांनी राहीची सोडून बाकीच्या कोऱ्या जागा बोटाने मोजल्या. अकरा. मग नावं वाचली आणि वही मिटून कपाळावर हात मारून घेतला.

"अकराही सुना!" त्या मोठ्यांदा म्हणाल्या. खोलीत माझ्याशिवाय कुणी नव्हतं. "आणि अकराहींच्या बरोबर सासू नाहीतर सासरे. शिंचं माझ्या लक्षात कसं आलं नाही?"

लक्षात न यायला कारण होतं, मित्रांनो. त्याही कुणाच्या तरी सूनच होत्या. घरी सासूबाई माजघरात आल्या की त्या स्वतः उठून बसायच्या. डोकं दुखत असलं तरी. सासूदेखत सून आडवी पडत नाही, हे त्यांच्या इतकं अंगवळणी पडलेलं, की दुसरी बाई "नको, बसूनच बरं आहे" म्हणाली, तर त्यात त्यांना काही वेगळं वाटलंच नाही. दीड वर्ष त्या श्वास मोजत होत्या, आणि ज्यांना सर्वांत जास्त गरज, नेमक्या त्यांचाच श्वास मोजायचा राहत होता. मीही काय दिवे लावले? मला नुसता आकडा दाखवता येतो, मोजायचा कुणाला ते सांगता येत नाही.

सोमवारी आठ वाजता त्या हजर झाल्या. मला वाटलं, आता येसूबाईला काहीतरी निमित्त काढून बाहेर धाडतील. पण नाही. तिच्या पाठीमागे काढलेला आकडा ती बाई कधीच खरा मानणार नव्हती, आणि घरी निर्णय तिचाच होता. सुनेत्राबाईंनी मला दोन खाटांच्या मध्ये आणून ठेवलं.

"येसूबाई, आज आधी तुमची पाळी."

येसूबाई खूश. बसून फुंकलं. अडीच.

"आता आडव्या व्हा."

"मी? दिसाउजेडी? काय येड लागला काय तुमाला?"

"दवाखाना आहे हा. इथे सगळे निजायलाच येतात. व्हा आडव्या."

कुरकुरत येसूबाई खाटेवर आडवी झाली. कांडी ओठांत धरली. अडीचपेक्षा जेमतेम एक खूण कमी. "बसून काय आनि निजून काय, सारखाच!" ती जिंकल्यासारखी म्हणाली आणि उठून बसली.

"अगदी खरं. धडधाकट माणसाचं सारखंच येतं," सुनेत्राबाई म्हणाल्या. "आता सुनेला सांगा. मी सांगून ती निजायची नाही. तुम्ही सांगितलंत तर निजेल."

राहीच्या तोंडाचा रंग उडाला होता. सासूने मान वळवली आणि जरा ओशाळूनच म्हणाली, "दवाखान्यात कसली गो सासू नि कसली सून. नीज."

"आये, नको." राहीने खाटेची कड धरली. "निजला की जीव जातो माजा."

चार दिवसांत हे वाक्य ती पहिल्यांदा बोलली. सुनेत्राबाईंनी तिचा हात धरला. "पाच श्वास, राही. पाचच. सहावा तू बसून घेशील. मी हात सोडणार नाही."

राही निजली. लगेच तिच्या मानेच्या शिरा ताणल्या, नाकपुड्या फुलल्या. तिने होता तेवढा श्वास घेतला, कांडी धरली आणि सोडला. मी उठायला बघत होतो हो! जन्मात मला कधी इतकं वर जावंसं वाटलं नव्हतं. पण हवाच नव्हती. काटा पाऊण लिटरावर थांबला. मला रडू येत असतं तर तिथेच आलं असतं.

"तिच्या पोटावर हात ठेवा," सुनेत्राबाई येसूबाईला म्हणाल्या. "लवकर."

येसूबाईने हात ठेवला. राहीने श्वास घेतला आणि पोट पुढे यायचं ते खाली गेलं. पुन्हा घेतला, पुन्हा खाली.

"अगो, हिचा पोट उलटा चाललाय!" येसूबाई ओरडली आणि डॉक्टरांनी सांगायच्या आधीच तिने सुनेच्या पाठीखाली हात घालून तिला उठवून बसवलं. राही धापा टाकत सासूच्या खांद्याला टेकली.

"किती दिस निजली नायस?" येसूबाईने विचारलं.

"तीन हप्ते झाले."

"मना का नाय सांगितलास?"

"तुमी म्हनालात, नाटक करतंय."

येसूबाईने पदर तोंडाला लावला. आदल्या दिवसापर्यंत मला तिचा राग होता, पण त्या वेळी तिच्याकडे बघवेना. जिला आपण कामचुकार म्हणत होतो ती आपल्या घरात, आपल्याच पलीकडे, रात्र रात्र बसून श्वास ओढत होती, आणि आपण कूस बदलून झोपत होतो, हे त्या बाईला एका क्षणात कळलं होतं.

दहाला मोठे डॉक्टर आले. सुनेत्राबाईंनी वही पुढे केली. "बसून दीड, निजून पाऊण. निम्म्यावर आला, सर. गोळी देऊ नका."

"डब्याचं माप ते," मोठे डॉक्टर म्हणाले. "परत निजवा. मला बघू दे."

आणि सुनेत्राबाईंच्या आधी येसूबाई उभी राहिली. साडेचार फुटांची म्हातारी, डॉक्टर आणि खाट यांच्या मधोमध. "परत निजवायची नाय माज्या सुनेला. मी बगितलाय. ह्या हातानं बगितलाय. तुमाला बगायचा तर मना विचारा."

मोठे डॉक्टर तसे वाईट माणूस नव्हते. त्यांनी येसूबाईकडे पाहिलं, राहीच्या मानेकडे पाहिलं, आणि माझ्यावरचा काटा अजून जिथे होता तिथे वाकून नीट पाहिलं. मग खिशातलं पेन काढून गोळीच्या नावावर आडवी रेघ मारली. "माझं चुकलं," ते म्हणाले. "ठेवून घ्या तिला. खाट डोक्याकडून उंच करा."

मित्रांनो, एवढ्याने गोष्ट संपली असती तर काय हवं होतं! पण आकडा कळला म्हणून पडदा हलू लागत नाही. घटसर्पाने दुखावलेली नस आपल्या चालीने बरी होते, महिने घेते. तोवर माणसाला सांभाळायचं असतं. तीन आठवड्यांनी राही घरी गेली तेव्हा येसूबाईने तिच्या खाटेच्या डोक्याकडच्या पायांखाली जांभ्या दगडाचे चिरे घातले. रोज दोन वेळा राहीने टेकून बसायचं, पोटावर हात ठेवायचा आणि तो हात श्वासाने उचलायचा. आणि दर मंगळवारी एसटीने माझ्याकडे यायचं.

पहिला मंगळवार, निजून पाऊण. दुसरा, पाऊण. तिसरा, पाऊण. चौथ्याला मीच कंटाळलो. राही मात्र कांडी खाली ठेवून म्हणायची, "पुढल्या मंगळवारी बगू," आणि पदर खोचून उठायची. आषाढ आला, लावणी आली. येसूबाई गुडघाभर चिखलात उभी राहिली, सून घरी. बांधावरून कुणीतरी टोमणा मारला, "म्हातारी चिखलात आनि ज्वान घरात, ऱ्हाज्य हाय सुनेचा!" येसूबाईने मान वर न करता उत्तर दिलं, "तुजा पडदा शाबूत हाय ना? मग वाक आनि लाव." हे तिने स्वतः दवाखान्यात येऊन सांगितलं आणि सुनेत्राबाई हसून हसून दमल्या.

श्रावणात एका मंगळवारी काटा आठाच्या खुणेला लागला. आठशे मिलीलिटर. एका खुणेचाही फरक नव्हता, पण राहीने पट्टीला हात लावून पाहिला. मग नऊशे झाले. मध्ये सर्दी झाली आणि पुन्हा आठशे. गणपतीनंतर हजार. मग सुनेत्राबाईंनी भाट्याच्या किनाऱ्यावरच्या वाळूची लहानशी पिशवी शिवून पोटावर ठेवायला दिली, म्हणजे पडद्याला उचलायला काहीतरी मिळेल. दसऱ्याला बाराशे, दिवाळीला सोळाशे.

दिवाळीनंतरच्या मंगळवारी येसूबाई एकटीच आली. आम्ही सगळे घाबरलो. "राही कुठे?" सुनेत्राबाईंनी विचारलं.

"निजलीय," येसूबाई म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. "काल दुपारी जेवली आनि आडवी झाली. सपाट, चिरे काढून. माज्या म्होरं. तिनीसांजेपावत घोरत व्हती. आज परत निजलीय. मी उठवली नाय. चिमाला दारात बसवून आलंय, कोन आला तर गप ऱ्हा सांगायला." दोघी बायका माझ्या पिंपाला टेकून एकमेकींकडे बघत रडत होत्या आणि हसत होत्या. त्या दिवशी कुणी फुंकलं नाही, तरी माझ्या आयुष्यातला तो सर्वांत चांगला मंगळवार.

राही पुढच्या लावणीला चिखलात उतरली. आणि ते अकरा कोरे रकाने? सुनेत्राबाईंनी अकरा पोस्टकार्डं धाडली. सात जणी आल्या. प्रत्येकीबरोबरच्या सासूला नाहीतर सासऱ्याला आधी निजवलं, मग सुनेला. सातांतल्या दोघींचे आकडे निम्म्यावर आले. 'अशक्तपणा' म्हणून त्यांनाही घरी धाडलेलं होतं. सुनेत्राबाईंनी हे सगळं लिहून डॉक्टरांच्या एका सभेत वाचलं. कुणीतरी हसून विचारलं, "मोजलं कशाने, डब्याने?" त्या म्हणाल्या, "डब्यानेच. यंत्र नव्हतं म्हणून थांबले नाही. उलट माझी चूक दीड वर्ष चालली, ती डब्यात नव्हती, माझ्यात होती."

अठ्ठ्याऐंशी साली दवाखान्यात नवं यंत्र आलं. विजेवर चालतं, कागदावर रेघ काढतं. मला कोठीच्या खोलीत फळीवर ठेवलं. खारी हवा पत्र्याला सोडत नाही. माझ्या तळाला भोक पडलंय आणि सध्या माझ्यात जुन्या कांड्या आणि मोडकी छत्री आहे. वाईट वाटतं का? वाटतं. खोटं कशाला बोलू? महिपत एकदा पन्हळ बसवायला आला होता. मला बघून म्हणाला, "डाख दिला तर अजून चालंल की!" मी तयार आहे. कधीही सांगा.

कोठीच्या दारातून मला बाह्यरुग्णांची बाकं दिसतात. गेल्या आठवड्यात येसूबाई आली होती. आता केस पांढरे झालेत, पण चाल तीच. गावातल्या एका शेजारणीला आणि तिच्या सुनेला, गोदाला, घेऊन आली होती. गोदा टायफॉइडमधून उठून दोन महिने झालेले. शेजारीण सुनेत्राबाईंना सांगायला लागली, "हिला काय झालेला नाय, नुसती बसून..."

येसूबाईने तिच्या तोंडापुढे हात धरला. "तू गप. आधी तू त्या खाटेवर आडवी हो. मग ती होईल. मग बोल काय बोलायचा ता."

मित्रांनो, माझ्यासारख्या गंजक्या डब्याला पुसून ठेवा, असं मी तुम्हाला सांगणार नाही. मला एकच मागायचं आहे. तुमच्या घरात कुणी मोठ्या दुखण्यातून उठलं असेल, चालतं-बोलतं असेल आणि तरी आडवं व्हायला टाळत असेल, तर त्याला आळशी म्हणू नका, नाटकी म्हणू नका. तुमच्यापुढे निजायला त्याला संकोच वाटत असेल, तर आधी तुम्ही निजा. मग त्याच्या पोटावर हात ठेवा आणि विचारा, "निजल्यावर कसं वाटतं?" तो "बरं आहे" म्हणेल. तरी हात काढू नका. त्याचे पाच श्वास होऊ द्या.